ग्रामपंचायतीची वेबसाइट कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे? डिसेंबर २०२६ च्या आधी पाहून घ्या

नागपूर : काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत ग्रामपंचायती, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायट्या, शाळा आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या वेबसाइट झाल्या आहेत किंवा होत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाल्यावर तर वेबसाइट हा मासिक बैठकीतला विषय झाला. वेबसाइट तयार होते, सरपंचांच्या हस्ते बटण दाबलं जातं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. ती कोणत्या सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि त्या सॉफ्टवेअरची मुदत कधी संपते, हे मात्र कोणी विचारत नाही. बिलावरही ते लिहिलेलं नसतं.

२०२६ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. संस्थांच्या वेबसाइटसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ड्रुपल या सॉफ्टवेअरच्या १० व्या आवृत्तीचा सपोर्ट डिसेंबर २०२६ मध्ये संपतो. ड्रुपल, वर्डप्रेस हे दोन्ही ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिची ८.२ ही आवृत्ती ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. तिच्या आधीची ८.१ तर ३१ डिसेंबर २०२५ लाच संपली. म्हणजे ज्यांची वेबसाइट चार-पाच वर्षांआधी बनली आणि नंतर कोणी हात लावला नाही, ते आधीच मुदतीच्या बाहेर असण्याची शक्यता मोठी आहे.

सपोर्ट संपला म्हणजे वेबसाइट बंद पडते का?

नाही, बंद पडत नाही. खरा घोटाळा इथेच होतो. १ जानेवारीला सकाळी वेबसाइट उघडून पाहिली तर ती कालच्यासारखीच दिसते. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, उगाच घाबरवत होते.

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी त्यात भोकं निघतातच. सपोर्ट सुरू असतो तेव्हा बनवणारे लोक ती शोधून दुरुस्ती पाठवतात. पण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं हेही जगजाहीर होतं. ज्याने दुरुस्ती लावली तो वाचला, ज्याने लावली नाही त्याच्या गोदामाचं कुलूप कसं उघडायचं हे चोराला कागदावर लिहून मिळालं. सपोर्ट संपलेल्या आवृत्तीला दुरुस्ती येतच नाही.

यात वेळ किती कमी असतो, त्याचं एक उदाहरण ड्रुपलच्या इतिहासात आहे. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधला एक मोठा दोष जाहीर झाला आणि त्याच वेळी दुरुस्तीही देण्यात आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितलं की जाहीर झाल्यापासून ७ तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही, त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली असंच समजून चालावं. आपल्या घड्याळाप्रमाणे ते ७ तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. त्या वेळी ओलितासाठी रात्रीच्या लाइनची वाट पाहणारा शेतकरी जागा असेल, वेबसाइटवाला खासच नव्हता.

वेबसाइट फोडून करतात काय, हाही प्रश्न गावात विचारला जातो. आमच्या वेबसाइटवर चोरण्यासारखं आहे काय? चोरायचं काहीच नसलं तरी पत्ता वापरायचा असतो. मे २०२४ मध्ये गोवा, कर्नाटक, केरळ यांच्यासह काही राज्यांच्या सरकारी पत्त्यांवरच्या लिंक ऑनलाइन सट्ट्याच्या साइटवर नेत असल्याचं उघड झालं. सरकारी किंवा संस्थेच्या पत्त्यावर लोकांचा आणि गुगलचाही भरवसा असतो. त्या भरवशावर जुगाराची दुकानं चालतात. ग्रामपंचायतीच्या नावाखाली गावातली पोरं रमीच्या साइटवर जाऊ लागली, तर उत्तर ग्रामसेवकाला द्यावं लागेल. पतसंस्थेचं तर विचारूच नका. ठेवीदाराला तिच्या खऱ्या पत्त्यावर खोटं पान दिसलं आणि त्याने त्यात खात्याची माहिती भरली, तर नुकसान रुपयांत होते.

मुदतवाढीची सवय

ड्रुपल ७ ची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला लवकर समजेल. ही आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. तिचा सपोर्ट आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये संपणार होता. कोरोना आला, मुदत नोव्हेंबर २०२२ झाली. पुढे नोव्हेंबर २०२३ झाली. मग शेवटची म्हणून ५ जानेवारी २०२५ ठरली आणि त्या दिवशी खरोखर संपली. पीकविमा असो की केवायसी, शेवटच्या तारखेनंतर अजून एक शेवटची तारीख येते, असा आपला अनुभव आहे. त्यामुळे अनेकजण बसून राहिले. ती तारीख उलटल्यावर ज्यांना हलायचं होतं, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या. खाजगी कंपनीला पैसे देऊन जुन्यावरच दुरुस्त्या घेत राहायचं, नाही तर घाईत नवीन बांधायचं.

त्यातही ड्रुपल ७ वरून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे साधं अपडेट नव्हतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली ८ वी आवृत्ती आतून पूर्ण वेगळी लिहिली होती. घराला रंग द्यायचा नव्हता, पाया खोदून दुसरं घर बांधून सामान हलवायचं होतं. काहींनी म्हणूनच ड्रुपल ७ मधूनच फुटून निघालेल्या, २०१५ मध्ये आलेल्या बॅकड्रॉपची वाट धरली. छोट्या संस्थेसाठी ती वाट वाईट नाही. आता १० वरून ११ वर जाणं त्या मानाने सोपं आहे. पण ११ व्या आवृत्तीला किमान पीएचपी ८.३ लागतं. सर्व्हरवर ८.१ असेल तर आधी सर्व्हर बदला. सर्व्हर बदलला की जुनी प्लगइन चालत नाहीत. असं एक काम दुसऱ्याला ओढून आणतं, म्हणून हे एका दिवसात होत नाही.

वर्डप्रेसवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. तिथे मूळ सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होऊन जाते, पण आतली फुकटची थीम किंवा प्लगइन ज्याने बनवलं तो कधीच सोडून गेलेला असतो.

जिल्ह्याच्या वेबसाइटने काय केलं

नागपूर जिल्हा प्रशासनाची वेबसाइट पूर्वी नागपूर डॉट एनआयसी डॉट इन या पत्त्यावर होती. आता ती नागपूर डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर आहे. पत्ता बदलला, तसाच खालचा पायाही बदलला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने सरकारी कार्यालयांसाठी एक सामाईक चौकट तयार केली आहे, तिला एस-थ्री-वास म्हणतात. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या वेबसाइट एकाच वळणाच्या का दिसतात, त्याचं कारण हेच. सॉफ्टवेअर, सुरक्षा, अपडेट हे सगळं एनआयसी एका जागेवरून पाहते. जिल्हा कार्यालयाने फक्त माहिती भरायची.

दिसायला साचेबंद, पण काम पक्कं असा हा सौदा आहे. आपल्या मनासारखा हलणारा फोटो, रंगीत पट्टी असं फारसं करता येत नाही. पण दर तीन वर्षांनी सॉफ्टवेअर संपलं म्हणून धावपळही नाही. ज्या कार्यालयांना सरकारी चौकट मिळू शकते, त्यांनी खाजगी माणसाकडून वेगळी वेबसाइट बनवून घेण्याआधी तिचा विचार करायला हवा. ग्रामपंचायतीने याबाबत पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे लेखी विचारणा करावी. पतसंस्था किंवा शेतकरी कंपनीला हा मार्ग नाही, त्यांना आपला बंदोबस्त स्वतःच करावा लागतो.

ग्रामपंचायतींना असं स्थलांतर नवीनही नाही. हिशेबाचं प्रियासॉफ्ट आणि आराखड्याचं प्लॅनप्लस यांच्या जागी २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज आलं. शेतकऱ्यानेही ई-पीक पाहणीचं जुनं अ‍ॅप काढून नवं टाकणं अनुभवलं आहे. फरक एवढाच की तिथे वरून आदेश येतो. आपल्या वेबसाइटच्या बाबतीत आदेश कोणी देणार नाही.

पहिलं काम : किल्ल्या कोणाकडे आहेत?

नियोजन म्हटलं की लोक नवीन डिझाइन पाहायला बसतात. ते शेवटी पाहिलं तरी चालतं. पहिलं काम म्हणजे किल्ल्या शोधणं. वेबसाइटला तीन किल्ल्या असतात. पत्त्याची म्हणजे डोमेनची नोंदणी, जिथे वेबसाइट ठेवली त्या होस्टिंगचं खातं आणि वेबसाइटच्या आतला मुख्य पासवर्ड.

गावोगावी हाल एकच दिसतात. ज्या पोराने वेबसाइट बनवली तो पुण्याला नोकरीवर गेला. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या वैयक्तिक ईमेलवर, ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर. त्याची नियत वाईट नसते, त्या वेळी घाईत तसंच होऊन गेलं असतं. पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण त्या शेतात विहीर खोदतो का? डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर करून घेतल्याशिवाय पुढचं एक पाऊल टाकू नये. सचिव बदलला तरी चालेल असा ईमेल असावा आणि चार्ज देताना पासवर्डची नोंदही चार्जच्या यादीत यावी.

डोमेनची मुदतही तेव्हाच पाहायची. मुदत संपल्यावर नेहमीच्या दरात नूतनीकरणाला काही दिवस मिळतात, मग जास्त पैसे लागतात, आणि त्यानंतर तो पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. जुने पत्ते हेरून घेणाऱ्यांचा धंदाच आहे.

काय न्यायचं, काय नाही

किल्ल्या हाती आल्या की पूर्ण वेबसाइटची प्रत काढायची, फाइल आणि डेटाबेस दोन्हीची. ती प्रत त्याच सर्व्हरवर ठेवण्यात अर्थ नाही. एक कार्यालयातल्या हार्डडिस्कवर, एक दुसरीकडे. आणि ती प्रत उघडते की नाही हे एकदा दुसऱ्या संगणकावर चालवून पाहायचं. न उघडणारी प्रत ही प्रत नसतेच.

मग यादी करायची. पानं किती, पीडीएफ किती, फोटो किती, कोणते अर्ज भरले जातात. कंटाळवाणं काम आहे, पण खरं तेच. ग्रामपंचायत ही माहिती अधिकार कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण आहे. कलम ४ प्रमाणे स्वतःहून जाहीर करायची माहिती, ग्रामसभेचे ठराव, निविदा, लाभार्थी निवडीच्या सूचना हे सगळं नव्या ठिकाणी यायलाच हवं. स्थलांतरात जुने ठराव गायब झाले तर विरोधक म्हणतील मुद्दाम उडवले, आणि ते खोटं आहे हे दाखवायला हातात काही राहणार नाही.

काही गोष्टी मात्र नेऊच नयेत. जुन्या लाभार्थी याद्यांमध्ये आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक तसेच्या तसे टाकलेले असतात. २०१७ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारांच्या, शिक्षण संस्थांच्या मिळून २१० वेबसाइटवर लाभार्थ्यांची आधार माहिती उघडी असल्याचं आधार प्राधिकरणानेच सांगितलं होतं. आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. स्थलांतर ही अशी माहिती काढून टाकायची चांगली संधी आहे. यादी ठेवा, आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने झाका.

मराठीचं वेगळं दुखणं

इंग्रजी वेबसाइट हलवणाऱ्याला जो त्रास होत नाही, तो आपल्याला होतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा मजकूर बऱ्याच ठिकाणी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षर असतं, फॉन्ट त्याला फक्त मराठी रूप देतो. कृतिदेवमध्ये ‘काका’ लिहिलं तर आत साठतं डी-के-डी-के. नव्या वेबसाइटवर तो फॉन्ट नसला की वाचणाऱ्याला डी-के-डी-केच दिसतं. गुगलवर शोधूनही ते पान सापडत नाही, कारण गुगलच्या लेखी ते मराठी नाहीच.

असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि ‘ऱ्या’ इथे चुका राहतात. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तपासून पाहिला की कन्व्हर्टर किती पाण्यात आहे ते समजते. आडनावं आणि गट नंबर माणसाने डोळ्याने तपासायचे, त्याला पर्याय नाही. आकडा चुकला तर लाभ दुसऱ्याच्या नावावर दिसेल.

दुसरी भानगड युनिकोड असलेल्या मजकुराचीही होते. डेटाबेस हलवताना साठवणीची पद्धत चुकीची निवडली तर सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन जाते. यूटीएफ-८ पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. जुना डेटाबेस एका बाइटच्या हिशेबाने बनलेला असेल तर घोळ होतो. प्रश्नचिन्हं झालेला मजकूर परत मिळत नाही, मूळ प्रतच कामी येते. म्हणून आधी दहा पानं हलवून पाहा, मग बाकी.

जुना पत्ता मोडू नका

नवीन वेबसाइट झाली की प्रत्येक पानाचा पत्ता बदलतो. जुना पत्ता मात्र लोकांच्या मोबाइलमध्ये, छापलेल्या पत्रकांवर, भिंतीवरच्या क्यूआर कोडमध्ये तसाच राहतो. महाराष्ट्राच्या जिल्हा गॅझेटियरची पानं पूर्वी वेगळ्या सरकारी पत्त्यावर होती. विकिपीडियावरच्या अनेक लेखांखाली ते जुने दुवे अजून आहेत आणि त्यातले बरेच उघडत नाहीत. माहिती कुठे तरी आहे, पण वाट मोडली.

यावर उपाय सोपा आहे. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पानावर पाठवता येतं, तांत्रिक भाषेत त्याला ३०१ म्हणतात. वेबसाइट बनवणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून करारात आधीच लिहून घ्यायचं. बिलाचा शेवटचा हप्ता जुन्या वीस-पंचवीस लिंक उघडून पाहिल्यावरच द्यायचा. सोबत महत्त्वाची जुनी पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ठेवावी. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

ईमेलकडेही लक्ष असू द्यावं. होस्टिंग बदललं की संस्थेच्या पत्त्यावरचा ईमेल बंद पडू शकतो आणि ते चार दिवसांनी समजते, जेव्हा व्यापाऱ्याचा फोन येतो की मेलला उत्तर का नाही.

केव्हा करायचं

डिसेंबरची मुदत म्हणजे डिसेंबरात काम, असं धरलं तर फसगत होईल. सप्टेंबरच्या शेवटापासून सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी, काटोल-नरखेड भागात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड. शेतकरी कंपनीचा माणूस तेव्हा मंडीत असतो, संगणकापुढे नसतो. नोव्हेंबरात दिवाळी. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असलं की अधिकाऱ्यांचा फोन लागत नाही. म्हणून पेरण्या आटोपल्या की किल्ल्या आणि यादीचं काम उरकावं. पोळ्यापर्यंत नव्या वेबसाइटची चाचणी प्रत तयार असावी. बदली सप्टेंबरच्या मध्यात झाली तर चुका दुरुस्त करायला वेळ राहतो. ज्यांचं जमलं नाही त्यांनी घाईत अर्धवट हलण्यापेक्षा निदान जुन्या वेबसाइटवरचे अर्ज आणि लॉगिन बंद करून ती फक्त वाचण्यापुरती साधी करून ठेवावी, धोका तेवढा कमी होतो.

बदलीच्या आधीचे तीन-चार दिवस जुन्या वेबसाइटवर नवीन काही टाकायचं नाही, नाही तर ते मागे राहून जाते. त्या दिवसांत ग्रामसभेची नोटीस किंवा निविदेची तारीख येणार नाही, हे आधी पाहायचं. बदलीनंतर जुनी वेबसाइट लगेच पुसायची नाही. लोकांसाठी बंद करून प्रत दोन-तीन महिने हाताशी ठेवायची.

जिथून वेबसाइट चालवतो तो संगणकही याच हिशेबात धरावा लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज ७ वर तर क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासूनच येत नाही. नवीन वेबसाइटचा पासवर्ड अशा संगणकात जतन केलेला असेल तर बाकी खर्च पाण्यात.

ज्यांना आपली वेबसाइट कशावर चालते हेच माहीत नाही, त्यांनी बनवणाऱ्याला तीन प्रश्न लेखी पाठवावे : सॉफ्टवेअर कोणतं आणि आवृत्ती कोणती, सर्व्हरवर पीएचपी कोणतं, डोमेन कोणाच्या नावावर आणि कधीपर्यंत. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर नवीन माणूस शोधायला लागावं.